चार महिने न भरलेली खपली

"मॅडम, तुमच्या नाकावर रक्त आलंय."

९ जुलैची सकाळ. फेऱ्या संपवून मुली पाय ताणत बसल्या होत्या आणि मी टॉवेलनं तोंड पुसत होते. त्यातली एक जवळ येऊन हळूच हे म्हणाली. टॉवेलवर खरंच लाल ठिपका होता. नाकाच्या उजव्या बाजूला, चष्मा टेकतो त्याच्या जरा खाली, मिरीच्या दाण्याएवढा काळपट उंचवटा मार्चपासून होता. त्यावर खपली धरायची, ती पडायची, चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा खपली. चष्मा घासतो म्हणून होत असेल, असं मी धरून चालले होते. चष्म्याची टेकायची जागा बदलून घेतली होती, साबण बदलला होता. डॉक्टरकडे जावं असं एकदाही मनात आलं नव्हतं.

गेली १९ वर्षं मी मैदानावर धावण्याचं प्रशिक्षण देते. ऊन हा माझ्या कामाचाच भाग. माझा वर्ण सावळा आहे, लहानपणापासून कधी कातडी भाजून लाल झाली नाही, सोलली नाही. त्यामुळे उन्हाचा त्रास गोऱ्या लोकांना होतो, आपल्याला नाही, हे इतकं पक्कं बसलं होतं की सनस्क्रीनची बाटली घरात असूनही ती महिनोन्‌महिने उघडली जात नसे. पुढच्या सगळ्या प्रकारात मला सर्वांत महागात पडला तो हा समज, म्हणून तो आधी सांगितला.

१२ जुलैला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंग लावून पाहिलं, मलम दिलं आणि म्हणाले, "दोन आठवड्यांत पूर्ण भरलं नाही तर मला पुन्हा दाखवायला येऊ नका, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं. चिठ्ठी मी देतो." मलमानं खपली मऊ झाली, पण २६ जुलैला चेहरा धुताना परत रक्त आलं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेतली.

त्वचारोगतज्ज्ञांच्या स्वागतकक्षाला फोन केला तेव्हा मी म्हटलं, "नाकावर एक डाग आहे, दाखवायचाय." तारीख मिळाली ५ सप्टेंबर. जवळजवळ सहा आठवडे! फोन ठेवल्यावर माझी मोठी बहीण म्हणाली, "अगं, डाग काय म्हणतेस? रक्त येतंय ते सांगितलंस का?" मी परत फोन केला आणि या वेळी नीट सांगितलं: चार महिन्यांपासून जखम भरत नाही, आपोआप रक्त येतं, डॉक्टरांची चिठ्ठी आहे. मला थोडं थांबायला सांगून त्यांनी आत विचारलं आणि १६ ऑगस्ट ही तारीख दिली. कुणी वेळ रद्द केली तर कळवा, अशा यादीतही नाव घालून घेतलं. तुम्हाला फोन करायचा असेल तर किती दिवसांपासून आहे, वाढतंय का, रक्त येतं का, या तीन गोष्टी पहिल्याच वाक्यात सांगा. समोरच्या माणसाला तुमचा चेहरा दिसत नसतो, तो शब्दांवरूनच तातडी ठरवतो.

मधल्या काळात मी दोन कामं केली, ती दोन्ही उपयोगी पडली. दर आठवड्याला, त्याच खिडकीजवळ, शेजारी पट्टी धरून डागाचा फोटो काढला. आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी केली. काही औषधांमुळे कातडी उन्हाला जास्त हळवी होते, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक किंवा रक्तदाबासाठी दिलं जाणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. म्हणून ही यादी हमखास विचारतात. (यादीत असं काही सापडलं तर गोळी स्वतःहून बंद करू नका, फक्त विचारा.)

या दिवसांत सल्लेही भरपूर मिळाले. डाग जाळून टाकणारं एक औषध कुणीतरी आग्रहानं सुचवलं. ते मी लावलं नाही, याचं आज फार बरं वाटतं. वरचा भाग जळून गेला असता, खालचं तसंच राहिलं असतं आणि तपासायला काही उरलं नसतं.

१६ ऑगस्टला जाताना चेहऱ्यावर काही लावलं नव्हतं, नखांचं पॉलिश काढलं होतं. मला वाटलं होतं नाक बघतील आणि सोडतील. पण डॉक्टर म्हणाल्या, "एक जागा दाखवायला आलात तर सगळी कातडी बघू." टाळू, कानामागे, पाठ, बोटांच्या बेचक्या, तळवे, तळपाय, नखं. संकोच वाटला, पण एक परिचारिका सोबत होती आणि सगळं दहा-पंधरा मिनिटांत झालं. तळपाय इतके बारकाईनं का बघता, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की गडद वर्णाच्या लोकांत मेलानोमा हा त्वचेचा सर्वांत घातक कर्करोग जास्त करून तळवे, तळपाय आणि नखांखाली आढळतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. ज्या जागा आपण कधी बघत नाही, तिथेच तो असू शकतो. तीळ कसा तपासायचा तेही त्यांनी माझ्याच हातावरच्या तिळावर दाखवलं. दोन्ही अर्धे सारखे आहेत का, कड सलग आहे का, रंग एकच आहे का, रुंदी ६ मिलिमीटरच्या वर गेली आहे का, आणि मुख्य म्हणजे तो बदलतोय का.

मग नाकाकडे आल्या. डर्मोस्कोप नावाचं दिवा असलेलं भिंग त्यांनी कातडीला टेकवलं आणि पडद्यावर मलाही दाखवलं. आरशात मला जो नुसता काळपट उंचवटा दिसायचा, त्यात करड्या-निळ्या रंगाचे थेंब होते आणि वरून झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्या. त्या क्षणी पोटात कालवलं. डॉक्टरांनी गोलमोल बोलणं टाळलं. "हा बेसल सेल कार्सिनोमा असण्याची शक्यता मला जास्त वाटते. नक्की काय ते बायॉप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून केलेली तपासणी, सांगेल. हा त्वचेचा कर्करोग आहे, पण तो शरीरात इतरत्र पसरणं फार विरळा असतं. तो आहे तिथेच हळूहळू खोल जातो, आजूबाजूचं खातो. म्हणून तो सोडून द्यायचा नाही." गोऱ्या वर्णात हा बहुतेकदा मोत्यासारखा गुलाबी दिसतो, तर सावळ्या वर्णात त्यात रंगद्रव्य असतं आणि तो काळा दिसतो. म्हणून लोक तो तीळ किंवा चामखीळ समजून वर्षानुवर्षं सोडून देतात.

मी माझ्या सावळ्या रंगाबद्दल विचारलंच. त्यांनी सांगितलं की कातडी उन्हाला कसा प्रतिसाद देते यावरून तिचे सहा प्रकार करतात. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ही वर्गवारी सुरू केली. माझी पाचव्या प्रकारात येते. मेलानिन, म्हणजे कातडीतलं रंगद्रव्य, संरक्षण देतं हे खरं, पण अगदी गडद कातडीचं नैसर्गिक संरक्षणही साधारण एसपीएफ १३ च्या आसपास धरलं जातं (एसपीएफ म्हणजे सनस्क्रीन कातडी भाजण्यापासून किती वाचवतं त्याचा आकडा). शिवाय कातडी लाल होत नाही म्हणून इशारा मिळत नाही. १९ वर्षं मी तो इशारा नाही म्हणजे धोका नाही असं समजत होते.

बायॉप्सी २१ ऑगस्टला झाली. आधी संमतीपत्र. ते घाईनं सही करून देऊ नका, त्यात व्रण राहण्याची, रक्तस्रावाची, संसर्गाची शक्यता लिहिलेली असते, ती वाचा आणि प्रश्न विचारा. खर्चाचंही तिथेच विचारून घ्या. मला नंतर कळलं की तपासणीची फी, बायॉप्सी करण्याची फी आणि प्रयोगशाळेची फी अशी तीन बिलं वेगवेगळी येतात, आणि तिसऱ्या बिलाची मला कल्पनाच नव्हती. एकूण अंदाज लेखी मागितला असता तर ती धावपळ वाचली असती. बधिर करण्याचं इंजेक्शन नाकावर चांगलंच झोंबतं, डोळ्यांत आपोआप पाणी येतं. साधारण दहा सेकंद. त्यानंतर फक्त दाब जाणवला. ३ मिलिमीटरचा गोल तुकडा काढला, एक टाका घातला. तो तुकडा ज्या बाटलीत टाकला तिच्यावरचं नाव, तारीख आणि 'नाक, उजवी बाजू' हे मला वाचून दाखवलं. नाही दाखवलं तर मागा.

मग १२ दिवस वाट बघणं. खरं सांगते, संपूर्ण प्रवासात हेच दिवस सर्वांत जड गेले. शिट्टी वाजवताना, वेळ मोजताना ठीक असायचं. रात्री मोबाइल हातात घेतला की एकामागून एक फोटो बघत बसायची. शेवटी नवऱ्यानं सुचवलं म्हणून प्रश्न वहीत लिहायला लागले. मनात घोळणारी भीती प्रश्नाच्या रूपात कागदावर उतरली की ती मोजकी होते. माझे नऊ प्रश्न झाले.

२ सप्टेंबरला अहवाल आला: पिगमेंटेड नोड्युलर, म्हणजे रंगद्रव्य असलेला, गाठीसारखा, बेसल सेल कार्सिनोमा. शब्द अपेक्षित असूनही गाडीत बसून मी बराच वेळ रडले. ४ तारखेला वही घेऊन डॉक्टरांसमोर बसले. नाक, पापण्या, ओठ, कान या जागी हा गाठीसारखा प्रकार परत उगवण्याचा धोका जास्त असतो, आणि नाकावर वाया घालवायला कातडीही नसते. म्हणून त्यांनी मोह्स शस्त्रक्रिया सुचवली. फ्रेडरिक मोह्स या शल्यविशारदांनी १९३० च्या दशकात ही पद्धत विकसित करायला सुरुवात केली. एक पातळ थर काढायचा, तुम्ही थांबलेले असतानाच त्याच्या सगळ्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, जिथे पेशी उरल्या असतील तेवढ्याच जागेतून पुढचा थर घ्यायचा. निरोगी कातडी जास्तीत जास्त वाचते. ही सोय सगळीकडे नसते, आणि साध्या शस्त्रक्रियेपेक्षा खर्च अधिक. पाठीवर असता तर चार मिलिमीटर मोकळी कड ठेवून साधा काढून टाकला असता, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. "काही आठवड्यांनी फरक पडणार नाही, पण पुढच्या वर्षावर ढकलू नका," हे वाक्य मी वहीत अधोरेखित केलं.

आता विमा. ८ सप्टेंबरला पूर्वमंजुरीसाठी अर्ज गेला आणि १५ ला नकार आला. कारण: सौंदर्योपचार, योजनेत समाविष्ट नाही. कर्करोगाचा अहवाल हातात असताना हे वाचून मला इतका संताप आला की दोन दिवस काही सुचलं नाही. मग अर्जाची प्रत मागवून घेतली. निदानाच्या रकान्यात फक्त 'नाकावरील डाग काढणे' एवढंच लिहिलेलं. माझ्याच पहिल्या फोनमधला तो शब्द कागदोकागदी तिथपर्यंत पोचला होता. डॉक्टरांकडून नवं पत्र घेतलं. त्यात पूर्ण निदान, आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला क्रमांक सी ४४.३, म्हणजे चेहऱ्याच्या त्वचेचा कर्करोग, आणि 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक' हे शब्द. सोबत बायॉप्सीचा अहवाल आणि पट्टी धरून काढलेले फोटो. १८ सप्टेंबरला तक्रारीसह पुन्हा अर्ज, पोच घेऊन. दर चार दिवसांनी फोन केला, प्रत्येक वेळी बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि उत्तर वहीत टिपलं. ६ ऑक्टोबरला मंजुरी आली. पूर्ण रक्कम नाही, पण मोठा भाग. अर्ज रुग्णालयाकडून जात असला तरी पाठवण्यापूर्वी निदानाचा रकाना स्वतः वाचा. माझे १८ दिवस त्या एका रकान्यापायी गेले.

शस्त्रक्रिया १४ ऑक्टोबरला. फक्त जागा बधिर करतात, म्हणून खाऊन यायला सांगितलं होतं. आधी आरसा हातात देऊन विचारलं, हीच जागा ना? बायॉप्सीची जखम इतकी छान भरते की नेमकी जागा हरवू शकते, हे मला माहीत नव्हतं. तिथेही जुने फोटो कामी आले. पहिला थर काढायला दहा मिनिटं लागली, मग पट्टी लावून मी बाहेरच्या खोलीत. तिथे माझ्यासारखेच पट्ट्या लावलेले चौघं होते. एक वयस्कर काका तिसऱ्या फेरीची वाट बघत होते, त्यांनी स्वतःचा गरम पाण्याचा थर्मास माझ्याकडे सरकवला. सव्वा तासानं सांगितलं, एका कडेला अजून पेशी आहेत. दुसरा थर. पुन्हा एक तास. या वेळी सगळ्या कडा स्वच्छ. वरून ५ मिलिमीटर दिसणाऱ्या त्या दाण्याचा खड्डा ११ मिलिमीटरचा झाला होता. शेजारची कातडी फिरवून त्यांनी तो झाकला. सकाळी आठला गेलेली मी चार वाजता घरी. दिवसभराची तयारी ठेवून जा, सोबत कुणीतरी हवंच, कारण चष्मा घालता येत नाही आणि गाडी चालवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी डोळे सुजून अर्धे मिटले. हे घडतं असं आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. दोन-तीन उश्या घेऊन झोपले, वाकणं टाळलं, जखम साध्या पेट्रोलियम जेलीनं ओली ठेवली. खपली धरू द्यायची नाही, ओलसर जखम चांगली भरते. २१ ऑक्टोबरला टाके निघाले. दोन आठवडे धावणं बंद.

मैदानावर परतायच्या आधी डॉक्टरांनी मला सनस्क्रीन लावायला शिकवलं. शिकवलं हाच शब्द बरोबर आहे, कारण मी कधी लावत असे तेव्हाही चुकीचंच लावत होते. एसपीएफचा आकडा चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतक्या थरावर मोजलेला असतो आणि बहुतेक लोक त्याच्या अर्धंही लावत नाहीत. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या पूर्ण लांबीइतकं घ्यायचं. पहिल्यांदा ते इतकं जास्त वाटलं! कान, मानेची मागची बाजू आणि केसांचा भांग या जागा हमखास राहतात. दर दोन तासांनी पुन्हा, घाम पुसला की पुन्हा. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे अतिनील किरण, अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के. म्हणजे महागड्या मोठ्या आकड्यामागे धावण्यापेक्षा पुरेसं आणि परत परत लावणं महत्त्वाचं. बाटलीवर यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांपासूनही संरक्षण लिहिलेलं हवं, कारण जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के यूव्हीएच असतात आणि ते खिडकीच्या काचेतून आत येतात. २८ वर्षं मालवाहू गाडी चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. खिडकीकडचा अर्धा चेहरा खोल सुरकुत्यांनी भरलेला, दुसरा अर्धा बराच तरुण. डॉक्टरांनी तो दाखवला आणि मी गाडीतही लावायला लागले.

सावळ्या कातडीवर पांढरट थर दिसतो म्हणून अनेक जण सनस्क्रीन सोडतात, मीही सोडलं होतं. कातडीच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन मिळतं. ते पांढरं दिसत नाही, शिवाय दृश्य प्रकाशालाही अडवतं. आपल्यासारख्या वर्णात गालांवरचे वांग या दृश्य प्रकाशानंही गडद होतात, म्हणून त्याचा दुहेरी फायदा. पण कपड्यांना तोड नाही. लांब बाह्या, घट्ट विणीचं कापड, आणि पुढे नुसतं छज्जं असलेल्या टोपीऐवजी चारही बाजूंनी रुंद काठाची टोपी, कारण साध्या टोपीत कान आणि मान उघडीच राहते.

मैदानावर आता सरावाची वेळ अतिनील निर्देशांक बघून ठरते. हा निर्देशांक १९९२ मध्ये कॅनडात सुरू झाला, आता हवामानाच्या बहुतेक ॲपवर दिसतो. तो ३ किंवा अधिक असेल तर संरक्षण हवं. मुलींना मी त्याहून सोपं शिकवलंय: तुझी सावली तुझ्या उंचीपेक्षा छोटी झाली की सावलीत ये. धाकट्या मुली फेरी संपली की स्वतःची सावली पावलांनी मोजतात आणि मला ओरडून सांगतात. ढगाळ दिवशी सावली दिसत नाही, पण किरणं ढगांतूनही येतात, म्हणून त्या दिवशी निर्देशांकच बघावा लागतो. उंच ठिकाणच्या शिबिराला गेलो तर दर हजार मीटरला किरणांचा जोर साधारण १० टक्क्यांनी वाढतो, तेही आता यादीत आहे. 'ड' जीवनसत्त्वाचं काय, असं दोन पालकांनी विचारलं. मला तर डॉक्टरांनी रक्त तपासून गोळी दिली, पालकांना मी मुलांच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं.

पहिल्या सहामाही तपासणीला १७ एप्रिलला गेले. पुन्हा टाळूपासून तळपायापर्यंत सगळं बघितलं, नवं काही सापडलं नाही. एकदा हा कर्करोग झालेल्यांना दुसरा होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी घरी दोन आरसे घेऊन बघते आणि पाठ बहिणीला दाखवते. व्रणाची रेघ फिकट होत चालली आहे. नाकाच्या शेंड्याला स्पर्श अजून पूर्ण परतलेला नाही. थंड पाणी लागलं की एका बाजूला कळतं, दुसऱ्या बाजूला उशिरा. डॉक्टर म्हणाल्या, वर्षभर लागू शकतं. पुढची तारीख १६ ऑक्टोबर आहे.